पाय काढल्यानंतरचं दुखणं : वडोदऱ्यातल्या एका कुत्र्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

खंड्या (नाव बदललं आहे, घरच्यांची ओळख दिलेली नाही) हा दांडिया बाजार भागातल्या एका मराठी कुटुंबातला सात वर्षांचा देशी कुत्रा. वजन २० किलो. घरात आजी, मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारी नात. दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले होते. संध्याकाळी फाटक उघडं राहिलं, खंड्या रस्त्यावर गेला आणि टेम्पोची धडक बसली. वरवर खरचटण्यापलीकडे काही दिसत नव्हतं आणि एक्स-रेत एकही हाड मोडलेलं नव्हतं. पण डावा पुढचा पाय पार लुळा पडला होता. पंजा उलटा होऊन जमिनीवर घासायचा.

तपासताना तीन गोष्टी दिसल्या. डाव्या डोळ्याची बाहुली उजवीपेक्षा लहान होती आणि पापणी किंचित उतरली होती. पाठीची कातडी चिमटीत धरली की उजव्या अंगाची कातडी थरथरायची, डाव्या अंगाची नाही. आणि डाव्या पंजाचं बोट चिमट्यानं जोरात दाबलं तरी खंड्यानं मानही वळवली नाही. याचा अर्थ गंभीर होता. धडकेत पाय अंगापासून बाहेर ओढला गेला आणि पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची मुळं मज्जारज्जूपाशीच उपटली गेली. बाहुली लहान होणं ही त्याचीच खूण, कारण डोळ्याकडे जाणारे काही तंतू छातीच्या वरच्या भागातल्या त्याच मुळांमधून निघतात.

अडचण

अशा पायात थोडी जरी संवेदना उरली असेल तर काही महिने वाट पाहणं योग्य असतं, कारण मज्जातंतू सावकाश का होईना, सावरू शकतात. खंड्याच्या पायात खोल संवेदना नव्हती, म्हणजे आशा कमीच. तरी घरच्यांना वाट पाहायची होती आणि ते समजण्यासारखं होतं. पंजाला मोजा घातला, गळ्यात कॉलर बांधली, सांधे आखडू नयेत म्हणून रोज पाय हलवायचे व्यायाम शिकवले.

नाताळच्या सुमारास, कॉलर काढलेली असताना, त्यानं पंजा चावायला सुरुवात केली. आधी घरच्यांना वाटलं, जखम सुकताना खाज सुटली असेल. पण दोन बोटांची कातडी गेली, एका बोटाचं हाड दिसायला लागलं आणि हा गडी शांतपणे चावतच होता. ज्या पायाला काही कळत नाही तो पाय कुत्रा का चावेल? त्याचं उत्तर पायात नव्हतंच. मुळं उपटली गेलेल्या जागी मज्जारज्जूतल्या पेशी आपोआप संदेश पाठवू लागतात आणि मेंदूला ते पायातून आल्यासारखे वाटतात. मुंग्या, जळजळ, चटका, काय जाणवत असेल ते कुत्रा सांगू शकत नाही. तो चावतो.

कोणते पर्याय होते

वाट पाहत राहणं आता परवडणारं नव्हतं. उघड्या हाडात जंतुसंसर्ग चढला असता.

मुलानं जयपूर फूटबद्दल विचारलं. प्रश्न रास्त होता. कृत्रिम पाय बसवायचा तर खाली थोटूक उरावं लागतं, त्याला संवेदना लागते आणि ते हलवणारे स्नायू जिवंत असावे लागतात. खंड्याचा पाय खांद्यापासूनच बधीर होता. अर्धा पाय ठेवला असता तर तोही घासला असता आणि तोही चावला गेला असता. म्हणून पाय काढायचा तर खांद्याच्या चपट्या हाडासकट. एका नातेवाइकांनी कायमची झोप द्यायचं सुचवलं होतं. जेवणारा, शेपूट हलवणारा, तीन पायांवर जिना चढू पाहणारा कुत्रा समोर असताना तो विषय फार चालला नाही. दुसरं मत हवं असेल तर आणंदचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, हेही सांगितलं.

खरा प्रश्न आजींनी विचारला. "पाय काढल्यावर त्याचं दुखायचं थांबेल ना? तेवढं सांगा डॉक्टर, बाकीचं मी बघून घेते."

याला "हो" म्हणून मोकळं होणं सोपं होतं, पण ते खरं नव्हतं. पाय काढल्यानं जखम, संसर्ग, घासणं आणि चावणं नक्की थांबणार होतं. पण दुखण्याचा उगम मज्जारज्जूत असेल तर पाय गेल्यावरही ते काही काळ राहू शकतं. आणि ज्या पायात शस्त्रक्रियेआधीच कित्येक आठवडे वेदना होती, तिथे नंतरची वेदना लांबण्याची शक्यता जास्त धरावी लागते. हे सगळं आजींना सांगितलं. त्यांनी दोन दिवस विचार करून होकार दिला. पुढे जे घडलं त्यात या बोलण्याचा मोठा वाटा आहे, कारण महिन्याभरानं कुत्रा रात्री केकाटायला लागला तेव्हा "ऑपरेशन फसलं" असं त्या घरात कुणी म्हटलं नाही.

शस्त्रक्रिया आणि पहिली रात्र

शस्त्रक्रिया जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात झाली. ती सहकारी सर्जननं केली, वेदनेचं नियोजन माझ्याकडे होतं. इतक्या मोठ्या शस्त्रक्रियेत एकाच औषधावर भिस्त ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. वेदनेचा संदेश जखमेतून निघतो, मज्जातंतूतून जातो, मज्जारज्जूत वाढतो आणि मेंदूत पोचतो. प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं अडवलं तर प्रत्येक औषधाची मात्रा कमी लागते.

आदल्या रात्री आणि सकाळी गॅबापेंटिन हे मज्जातंतूंच्या वेदनेवरचं औषध दिलं, किलोला १० मिलिग्रॅम या हिशेबानं २०० मिलिग्रॅम. भूल दिल्यावर केटामाइनचं अगदी कमी मात्रेचं सलाइन चालू ठेवलं. इथे ते भुलीसाठी नसतं, मज्जारज्जूनं वेदना आणखी वाढवू नये म्हणून असतं. सर्जननं प्रत्येक मज्जातंतू कापण्याआधी त्यात बुपिव्हाकेन हे बधीर करणारं औषध टोचलं. वीस किलोच्या कुत्र्याला ते एकूण ४० मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही, म्हणजे अर्धा टक्क्याच्या द्रावणाचे ८ मिलिलिटर. माझ्या मते सगळ्या शस्त्रक्रियेतली सर्वांत मोलाची पाच मिनिटं ती. मज्जातंतू बधीर न करता कापला तर कापण्याच्या क्षणी तो मज्जारज्जूवर संदेशांचा मारा करतो, आणि खंड्याचा मज्जारज्जू आधीच चिडलेला होता. जोडीला ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे अफूच्या जातीचं (ओपिऑइड) वेदनाशामक होतं. रक्ततपासणीत मूत्रपिंडं ठीक असल्याची खात्री करून मेलॉक्सिकॅम हे सुजेच्या दुखण्यावरचं औषधही दिलं.

पहिल्या रात्री अकराच्या सुमारास खंड्या रडायला लागला. सलग, एका सुरात. ड्यूटीवरच्या मुलाचा पहिला विचार होता, आणखी एक इंजेक्शन. अशा वेळी थांबून पाहावं लागतं. ओपिऑइडमुळेही कुत्री भांबावून रडतात, आणि मग तेच औषध वाढवलं की रडणं वाढतं. आम्ही ग्लासगोची वेदनामापन पट्टी वापरतो. तिच्यात एकूण २४ गुण असतात आणि ६ किंवा जास्त आले तर औषध वाढवायचं. ज्याला उठायला आधार लागतो त्याचा चालण्याचा भाग मात्र वगळायचा. मग एकूण २० आणि मर्यादा ५. आजच पाय गेलेल्या कुत्र्याला "लंगडतो का" हे विचारण्यात काय अर्थ? खंड्याचे गुण ३ आले. जखमेभोवती हात फिरवला तर अंग चोरलं नाही, हाक मारली की बघायचा. पोटावर हात ठेवला तेव्हा कळलं, मूत्राशय टच्च भरलेलं होतं.

पोटाखालून टॉवेल घालून त्याला अंगणात नेलं. सवयीनं त्यानं मागचा पाय वर उचलला आणि धाडकन कलला, कारण पुढे एकच पाय आणि मागेही एकच. टॉवेल आणखी वर धरला, छातीला हाताचा आधार दिला, तेव्हा त्यानं बराच वेळ लघवी केली. आत आल्यावर तो पहाटेपर्यंत झोपला. जादा इंजेक्शन लागलं नाही.

घरी गेल्यावर

तिसऱ्या दिवशी खंड्या घरी गेला. औषधं दोन : मेलॉक्सिकॅम दिवसातून एकदा, भरल्या पोटी, २ मिलिग्रॅम; आणि गॅबापेंटिन दर आठ तासांनी २०० मिलिग्रॅम, म्हणजे १००च्या दोन कॅप्सूल. जखमेला पहिले तीन दिवस फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाचा शेक.

कागदावर हे सोपं दिसतं, औषधाच्या दुकानात तसं राहत नाही. माणसांची मेलॉक्सिकॅमची गोळी साडेसात किंवा पंधरा मिलिग्रॅमची असते. साडेसातची एक गोळी खंड्याला दिली असती तर रोजच्या मात्रेच्या पावणेचारपट झाली असती, म्हणून जनावरांसाठीचं पातळ औषध मोजून दिलं. गॅबापेंटिनबाबत अडचण निराळी. दुकानदारानं साधी कॅप्सूल नाही म्हणून नॉरट्रिप्टिलीन (मुळात नैराश्यावरचं औषध) मिसळलेली गोळी पुढे केली. वर "गॅबापेंटिन" लिहिलेलं असतं, त्यामुळे घेणाऱ्याला फरक कळत नाही. नातीनं पाकिटाचा फोटो पाठवून विचारलं, म्हणून ते टळलं.

दुसरा प्रसंग त्याच आठवड्यातला. मुलाची कंबर धरायची, त्याच्याकडे अॅसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉलच्या गोळ्या होत्या. रात्री कुत्रा अस्वस्थ दिसला तेव्हा "अर्धी देऊ का" असा फोन आला. अजिबात नाही, हेच उत्तर. मेलॉक्सिकॅम चालू असताना त्याच जातीचं दुसरं औषध म्हणजे जठरात व्रण आणि मूत्रपिंडावर घाव. डांबरासारखी काळी शी, उलटी, जेवण सोडणं यातलं काही दिसलं तर मेलॉक्सिकॅमही थांबवून फोन करायचा, हे त्यांना लिहून दिलं होतं. (डायक्लोफिनॅकवर जनावरांसाठी २००६ साली आणि अॅसिक्लोफिनॅकवर २०२३ साली आपल्याकडे बंदी आली ती गिधाडांसाठी, ही औषधं दिलेल्या मेलेल्या गुरांचं मांस खाऊन ती मरत होती म्हणून. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरलं. कुत्र्याच्या घरी हा संदर्भ लांबचा वाटेल, पण ही औषधं जनावराच्या अंगात किती वेगळी वागतात हे सांगायला मला तो नेहमी उपयोगी पडतो.)

त्या रात्रीची अस्वस्थता बर्फाचा शेक आणि कूस बदलून देण्यानं गेली.

उत्तरायणात थरथर

टाके निघायच्या आधीच उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण आला. वडोदऱ्यात त्या दोन दिवसांत काय असतं ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. सकाळपासून गच्चीगच्चीवर स्पीकर, पतंग कापला की "काप्यो छे"ची आरोळी, थाळ्यांचा खणखणाट आणि अंधार पडला की फटाके. दुपारी सूनबाईंचा फोन आला. खंड्या थरथरतोय, कोपऱ्यात बसलाय, खात नाही. औषध वाढवू का?

थरथर वेदनेची असू शकते, थंडीची असू शकते, भीतीची असू शकते. फोनवर ठरवण्यापेक्षा घरी गेलो. जखमेभोवती सूज नव्हती, पाणी साचलेलं नव्हतं, दाबलं तर त्यानं हात चाटला. मग फक्त बघत बसलो. गच्चीवर आरडाओरडा झाला की कान मागे, अंग आक्रसलेलं, थरथर चालू. आवाज ओसरला की मिनिटभरात थरथर कमी. दुखणं आवाजाच्या तालावर येत-जात नाही.

मेलॉक्सिकॅम वाढवलं असतं तर भीती तशीच राहिली असती आणि पोटाचा धोका तेवढा वाढला असता. त्याला रस्त्यापासून लांबच्या आतल्या खोलीत हलवलं, दारं-खिडक्या बंद केल्या, पंखा मोठा लावला, अंगावर जुना स्वेटर कापून घातला. गॅबापेंटिनचा संध्याकाळचा डोस फटाक्यांच्या दीड-दोन तास आधी पडेल असा सरकवला, कारण त्याच्यानं भीतीही थोडी निवते. रात्री आजी त्याच्याजवळ जप करत बसल्या. दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणला, तो जेवला.

झोपेतून केकाटणं

टाके निघाले, मेलॉक्सिकॅम ठरल्याप्रमाणे बंद केलं. त्याच सुमारास गॅबापेंटिनची पाकिटंही संपली. अँटिबायोटिकचा कोर्स संपतो तसा हाही संपला असं घरच्यांनी धरलं. कुत्रा हिंडत-फिरत होता, सुस्ती गेली होती, सगळ्यांना बरं वाटलं.

चौथ्या आठवड्यात रात्री प्रकार सुरू झाला. गाढ झोपेतून खंड्या एकदम केकाटून उठायचा, दोन-तीन पावलं पळायचा आणि मग डावीकडे वळून, जिथे पाय होता तिथे टक लावून पाहायचा. पाच-दहा सेकंदांत सगळं शांत. दिवसा तपासलं तर काहीच सापडायचं नाही. नातीनं मोबाइलवर काढलेला व्हिडिओ नसता तर मी अंदाजच करत बसलो असतो.

तपासताना आधी साध्या शक्यता बाजूला केल्या. जखमेत पू नव्हता. कापलेल्या मज्जातंतूच्या टोकाला गाठ झाली असेल तर एका ठरावीक जागी दाबल्यावर कुत्रा उसळतो, तसं नव्हतं. धडकेत मानेलाही मार बसलेला असू शकतो, म्हणून मान चारही बाजूंनी फिरवून पाहिली, ती मोकळी होती. उरली ती मज्जातंतूंची वेदना, नसलेल्या पायातली. कुत्र्याला नेमकं काय जाणवतं याचा पुरावा मिळणं अवघड आहे, पण या खुणा आणि आधीचा इतिहास पाहता त्याच दिशेनं उपचार करणं भाग होतं.

मेलॉक्सिकॅम पुन्हा सुरू करण्यात अर्थ नव्हता, ते सुजेच्या दुखण्यावर चालतं. ट्रॅमाडॉलच्या गोळ्या हा लोकप्रिय पर्याय. पण माणसाच्या शरीरात त्या औषधापासून जो वेदनाशामक घटक बनतो तो कुत्र्याच्या शरीरात फारच थोडा बनतो, म्हणून तोंडानं दिलेल्या ट्रॅमाडॉलवर मी कुत्र्यात विसंबत नाही. गॅबापेंटिन आधीच्याच मात्रेत पुन्हा सुरू केलं आणि आजींना एक वही करायला सांगितली : रात्री किती वेळा केकाटला, किती वाजता, नंतर लगेच झोपला का.

आजी निवृत्त शिक्षिका. वही कशी ठेवायची हे त्यांना शिकवावं लागलं नाही. तारखेच्या पुढे उभ्या रेघा, आणि समासात "आज थंडी जास्त", "पाहुणे होते", "जिना चढला" अशा नोंदी. आठवड्यानं रेघा कमी झाल्या होत्या, पण रात्री दोन-तीन उरल्याच होत्या. इथे दोन वाटा होत्या, गॅबापेंटिन वाढवणं किंवा दुसरं औषध जोडणं. मात्रा वाढवली तर झोप आणि तोल जाणं वाढतं. चार पायांच्या कुत्र्याला ते खपतं, पुढे एकच पाय असलेल्याला नाही. म्हणून अमँटाडिन जोडलं, रोज एकदा १०० मिलिग्रॅम. ते केटामाइनच्याच जागी काम करतं, पण तोंडानं देता येतं आणि घाई करत नाही. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, हे आधीच सांगितलं. फेब्रुवारी संपता संपता वहीत कोऱ्या रात्री दिसू लागल्या.

वहीनं आणखी एक गोष्ट दाखवली. "जिना चढला" लिहिलेल्या दिवसांनंतरची सकाळ वाईट जायची. ते दुखणं नसलेल्या पायाचं नव्हतं, उरलेल्या पायाचं होतं. कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. आता त्यातला मोठा भाग एकट्या उजव्या खांद्यावर आला होता आणि घरभर गुळगुळीत टाइल्स. मानेपासून पाठीपर्यंतचे स्नायू दोरखंडासारखे ताठ लागत होते. यावर गोळी दिली नाही. त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर खाली रबराची जाळी घालून सतरंज्या पसरल्या, नखं आणि पंजातले केस कापले, जिन्याला फळी लावली, जेवणाचं भांडं पाटावर ठेवलं. दिवसातून दोनदा ओल्या गरम फडक्याचा शेक आणि हलक्या हातानं चोळणं. आणि तुपातली पोळी बंद. आजींना हे सगळ्यात जड गेलं, पण त्यांनी ते पाळलं.

निष्पत्ती

होळीनंतर सलग दोन आठवडे वही कोरी राहिली, तेव्हा औषधं उतरवायला घेतली. आधी अमँटाडिन थांबवलं. मग गॅबापेंटिनचा दुपारचा डोस काढला, आठवडाभर पाहिलं, मग सकाळचा, शेवटी रात्रीचा. एकदम बंद केलं नाही. मधे एकदा दोन रात्री रेघा आल्या, तिथे एक पायरी मागे जाऊन थांबलो. पावसाळ्याआधी खंड्या औषधाशिवाय झोपत होता. आता तो सूरसागरच्या बाजूला फिरायला जातो, पूर्वीपेक्षा कमी अंतर, मधे बसून. वजन १८ किलोच्या आत ठेवलं आहे. दर काही महिन्यांनी मान आणि उजवा खांदा तपासतो.

वेगळं काय करता येईल

अपघातानंतर पहिल्याच आठवड्यात, चावणं सुरू व्हायच्या आधी, गॅबापेंटिन द्यायला हवं का? माझं उत्तर आता हो असं आहे. मुळं उपटली गेल्याची खूण दिसली की पाय बधीर असला तरी वेदना आहे असं धरून चालावं. बधीर पायाला वेदनाशामक कशाला, असं ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणून तेही घरच्यांना त्याच वेळी समजावून सांगावं.

शस्त्रक्रिया लवकर करण्याबाबत माझं मत इतकं पक्कं नाही. खोल संवेदना नाही हे पहिल्याच दिवशी माहीत होतं आणि आधी केली असती तर बोटांची ती अवस्था झाली नसती. पण घरच्यांचं मन तयार नसताना घाईनं घेतलेला होकार पुढच्या चार महिन्यांत टिकला नसता, आणि या कुत्र्याचं दुखणं आवाक्यात आलं ते टिकून राहिलेल्या घरामुळे.

गॅबापेंटिन कधी थांबवायचं हे तारखेवर न लिहिता लक्षणांवर लिहावं : "इतक्या रात्री शांत गेल्या की फोन करा, मग कमी करू." पाकीट संपणं आणि उपचार संपणं यांची गल्लत त्यानं टळते. वही डिस्चार्जच्या दिवशीच सुरू करावी. चौथ्या आठवड्यात ती सुरू झाली तेव्हा आधीच्या रात्री कशा गेल्या हे कुणालाच नीट आठवत नव्हतं, त्यामुळे औषध बंद होणं आणि केकाटणं यांत नेमके किती दिवस गेले ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. सतरंज्या तर कुत्रा घरी यायच्या आधीच पसरलेल्या असाव्यात.